पन्हाळगड ते विशाळगड : एक पायी अभ्यास

सिद्दी जौहरचा वेढा मला शाळेपासून पाठ होता. मार्च १६६० मध्ये पन्हाळ्याला वेढा पडला, जुलैत महाराज निसटले, बाजीप्रभूंनी खिंड रोखली. चार ओळींत उत्तर संपे, मार्कही मिळत. गेल्या पावसाळ्यात आम्ही सहा वर्गमित्रांनी ती वाट चालून पाहावयाचे ठरविले. "चालल्यानं मार्क वाढत्यात व्हय?" वडिलांनी विचारले. आमच्या घरात कॉलेजची पायरी चढणारा मी पहिलाच, तेव्हा प्रश्न रास्त होता.

पन्हाळ्यापर्यंत एस.टी., पुढे मसाई पठार. तेथे धुक्यात दहा हातांवरचा सोबती दिसेना. निसटण्यासाठी महाराजांनी भर पावसातील रात्र का निवडली, हे तेव्हा उमगले. आषाढी पौर्णिमेच्या आसपासची ती रात्र. आभाळ मोकळे असते तर पालख्या चांदण्यात उघड्या पडल्या असत्या. दुसऱ्या पालखीत महाराजांच्या वेषात बसलेले शिवा काशीद हे पायथ्याच्या नेबापूरचे, न्हावी समाजातले. पकडले जाणार हे जाणूनच ते बसले.

मुक्काम एका वाडीतील शाळेच्या व्हरांड्यात झाला. तंबू नेला होता, पण वाऱ्याने तो टिकू दिला नाही. जळवांविषयी न लिहिलेलेच बरे!

दुसऱ्या दिवशी पांढरेपाण्यावरून घोडखिंडीत, म्हणजेच पावनखिंडीत उतरलो. ओढा भरून वाहत होता. निसरड्या कातळावर एकामागून एक, हात धरूनच पाय टाकावा लागे. थोड्यांनी पुष्कळांना कसे थोपविले असेल, हे तेथे सांगावे लागत नाही.

जुलै २०२५ मध्ये पन्हाळ्याचा जागतिक वारसा यादीत समावेश झाला. त्या बारा किल्ल्यांत विशाळगड नाही, आणि ही वाट तर नाहीच. माझ्या मते खरी काळजी वाटेचीच घ्यावयास हवी. काही ठिकाणी ती डांबराखाली गेली आहे.

तिसऱ्या दिवशी विशाळगड पाहून एस.टी.ने परतलो. वडील मार्केट यार्डात गुळाचे रवे वाहतात. सारे ऐकून त्यांनी एकच विचारले, "पालखी किती जणांनी उचलली?" हा प्रश्न मला कधी पडलाच नव्हता. ते म्हणाले, "चिखलात वझं घेऊन पळायचं, तर खांदा घडोघडी बदलाय पायजे. चौघांचं काम न्हवं ते. बदली माणसं लागत्यात."

महाराजांसोबत सुमारे सहाशे मावळे होते, असे आपण वाचतो. मी त्यांच्या हातांत फक्त तलवारी पाहत आलो होतो. त्यांतले कित्येक रात्रभर केवळ खांदा देण्यासाठी धावले असतील. टिपणवहीत वडिलांचे वाक्य जसेच्या तसे उतरून घेतले.