पडदा काळा, संगणक जिवंत : लाइव्ह डिस्क आणि मॉनिटरची ओळख

अमरावती आणि अकोला जिल्ह्यांतील निवासी शाळांच्या संगणक कक्षात पुष्कळदा दुसऱ्या हातची यंत्रे असतात. एखादे कार्यालय आपले जुने संगणक बदलते, कोणी हितचिंतक ते शाळेस मिळवून देतो. त्यांत संगणक एका कंपनीचा, मॉनिटर दुसरीचा आणि केबल तिसरीकडचीच असते. हार्ड डिस्क बहुधा काढून घेतलेली असते. अशा यंत्रांना पुन्हा कामास लावण्यासाठी लिनक्सची लाइव्ह डिस्क फार उपयोगी पडते. परंतु डिस्क घालून यंत्र सुरू करावे आणि पडदा काळाच राहावा, हा अनुभवही तितकाच सार्वत्रिक आहे. मग ‘यंत्र गेले’ असा शेरा मारला जातो आणि ते कोपऱ्यात धूळ खात पडते.

वसतिगृहातील विद्यार्थ्यांच्या दृष्टीने ही हानी लहान नव्हे. कापूस-तुरीच्या शेतात मजुरी करणाऱ्या कुटुंबात संगणक नसतो. शिष्यवृत्तीचा अर्ज महाडीबीटीवर भरावयाचा, एमएस-सीआयटीचा सराव करावयाचा, तर शाळेतील यंत्र हाच आधार असतो. एक यंत्र कोपऱ्यात गेले की काही मुलांची पाळी कायमची हुकते. म्हणून यंत्र भंगारात काढण्यापूर्वी क्रमाने कसे तपासावे, हे आम्ही येथे मांडीत आहोत.

लाइव्ह डिस्क म्हणजे काय?

लिनस टोरवाल्ड्स यांनी १९९१ मध्ये लिनक्सचा आरंभ केला. जर्मनीतील क्लाउस क्नॉपर यांनी २००० मध्ये ‘क्नॉपिक्स’ ही डेबियनवर आधारलेली लाइव्ह सीडी आणली. सुमारे ७०० मेगाबाइटच्या एका सीडीत जवळजवळ २ गिगाबाइटचे सॉफ्टवेअर दाबून बसविलेले होते आणि हार्ड डिस्कला हात न लावता सारी प्रणाली सीडीवरून चालत असे. इंटरनेट दुर्मीळ होते त्या काळी ‘पीसीक्वेस्ट’सारख्या मासिकांसोबत येणाऱ्या सीडींमुळे लिनक्स लहान शहरांपर्यंत पोहोचले. सी-डॅकच्या चेन्नई केंद्राने तयार केलेली ‘बॉस’ ही भारतीय प्रणालीही डेबियनवरच उभी असून तिच्यात मराठीची सोय आहे.

लाइव्ह डिस्क प्रत्येक वेळी अनोळखी यंत्रावर जागी होते. स्मृती, कळफलक, पडदा या सर्वांची ओळख तिला दरवेळी नव्याने करून घ्यावी लागते. त्यात पडद्याची ओळख चुकली, तर बाकी सारे सुरळीत असूनही आपल्याला काही दिसत नाही.

मॉनिटर आपली ओळख कशी देतो?

‘व्हेसा’ या संस्थेने १९९४ मध्ये यासाठी एक मानक ठरविले. त्यास ‘ईडीआयडी’ म्हणतात. मॉनिटरच्या पोटातील एका लहानशा चिपमध्ये १२८ बाइटांची ओळखपत्रिका साठविलेली असते. तिच्यात उत्पादकाची तीन अक्षरी खूण, निर्मितीचे वर्ष, पडद्याची सेंटिमीटरमधील लांबी-रुंदी आणि मॉनिटरला पेलणारी चित्रमापे नोंदलेली असतात. शेवटचा बाइट पडताळ्याचा असतो. तो असा निवडलेला असतो की १२८ बाइटांच्या बेरजेस २५६ ने निःशेष भाग जावा. भाग गेला नाही, तर पत्रिका वाचताना बिघडली असे समजावे.

जुन्या निळ्या तोंडाच्या व्हीजीए केबलमध्ये १५ पिनांच्या जागा असतात. चित्राचे लाल, हिरवे व निळे संकेत पहिल्या तीन पिनांवरून जातात. ओळखपत्रिका मात्र १२ आणि १५ क्रमांकाच्या पिनांवरून येते. म्हणून या दोहोंपैकी एक पिन वाकली, तरी चित्राच्या तारा शाबूत राहतात. फक्त ओळख तुटते. अनेक ‘बिघडलेल्या’ यंत्रांचे मूळ येथेच असते.

आधी निदान

पडदा नेमका केव्हा काळा होतो, हे प्रथम पाहावे.

१. यंत्र सुरू करताच कंपनीचे चिन्ह किंवा अक्षरे दिसत नसतील, तर दोष लिनक्सचा नव्हे. वीजपुरवठा, रॅम, केबल व मॉनिटर तपासावेत.

२. डिस्कची यादी दिसते आणि त्यानंतर अंधार होतो, तर लिनक्स चित्रमाप ठरविताना अडले आहे. प्रस्तुत लेखाचा विषय हाच.

३. ‘आउट ऑफ रेंज’ अशी सूचना आली, तर संकेत पोहोचला आहे, पण मॉनिटरला तो पेलत नाही.

४. चित्र आले, परंतु ताणलेले किंवा फार मोठे दिसते, तर पत्रिका न मिळाल्याने प्रणालीने अंदाजाने माप निवडले आहे.

अंधार असताना कॅप्स लॉकची कळ दाबून पाहावी. तिचा दिवा आपल्या दाबण्याबरोबर लागत-विझत असेल, तर आतील प्रणाली बहुधा जिवंत आहे. कळफलकावरचे दिवे आपोआप लुकलुकत राहिले, तर प्रणाली मध्येच कोलमडली आहे. तेव्हा डिस्कच्या यादीत डिस्क तपासण्याचा पर्याय असल्यास तो वापरावा. ओरखडे पडलेली डिस्कही असा घोटाळा करते.

केबल आणि जोडणी

वऱ्हाडातील उन्हाळ्यात पारा ४५ अंशांपुढे जातो, धूळ सर्वत्र शिरते आणि मागाहून पावसाळ्याचा दमटपणा येतो. त्यामुळे जोडांवर मळ व गंज चढतो. यंत्र बंद करून केबल काढावी, पिना पाहाव्यात, कोरड्या मऊ ब्रशाने जोड स्वच्छ करावा आणि दोन्ही बाजूंचे स्क्रू घट्ट आवळावेत. नववी पिन मुळातच नसलेल्या केबलीही मिळतात. तेवढ्यावरून केबल टाकून देऊ नये. केबल लांबविणारे तुकडे व एका संगणकावर दोन पडदे चालविणारे जोड काढून थेट जोडणी करावी, कारण स्वस्त जोडांत ओळखीच्या तारा पुष्कळदा नसतातच.

यंत्रास वेगळे ग्राफिक्स कार्ड असेल, तर मागे दोन जोडण्या दिसतात. मॉनिटर चुकीच्या जोडणीत असणे ही अतिशय साधी आणि अतिशय वारंवार होणारी गोष्ट आहे. शेवटी, मॉनिटर आधी सुरू करून मग संगणक सुरू करावा. काही जुने मॉनिटर झोपेत असताना ओळख देत नाहीत.

ओळख आपण करून देणे

एवढ्यानेही भागले नाही, तर ओळख आपण करून द्यावी. डिस्कच्या यादीत ‘सेफ ग्राफिक्स’ असा पर्याय असल्यास तो प्रथम निवडावा. नसल्यास जुन्या यंत्रांवर बहुधा टॅब आणि नव्या यंत्रांवर इंग्रजी ‘ई’ ही कळ दाबली की प्रारंभाची आज्ञा दिसते. त्या ओळीच्या अखेरीस एक जागा सोडून एन, ओ, एम, ओ, डी, ई, एस, ई, टी ही अक्षरे सलग लिहावीत. ‘नोमोडसेट’ या शब्दाने लिनक्स स्वतः चित्रमाप ठरविण्याचा प्रयत्न सोडते आणि यंत्राने मुळात दिलेले साधे चित्र वापरते. चित्र संथ आणि ओबडधोबड असते, पण काम सुरू होते.

चांगले चित्र हवे असल्यास ‘नोमोडसेट’ काढून त्याच ओळीत माप सांगावे : ‘व्हिडिओ’ हा इंग्रजी शब्द, बरोबरचे चिन्ह, जोडणीचे नाव (बहुधा ‘व्हीजीए-१’), अपूर्णविराम, १०२४, इंग्रजी ‘एक्स’, ७६८, ‘ॲट’चे चिन्ह, ६० आणि अखेरीस इंग्रजी ‘ई’. हे सारे मध्ये जागा न सोडता, इंग्रजी अक्षरांत व अंकांत लिहावे. शेवटचे ‘ई’ म्हणजे ‘ओळख मिळो वा न मिळो, ही जोडणी चालू ठेव’ अशी आज्ञा. नव्या यंत्रांवर एफ-१० आणि जुन्यांवर एंटर दाबून पुढे जावे.

साठच का?

१०२४ गुणिले ७६८ या चित्रात दृश्य ओळी ७६८ असतात. वरखालच्या अदृश्य ओळी धरून मानकानुसार ८०६ होतात. सेकंदास ६० चित्रे काढावयाची, तर ८०६ × ६० = ४८,३६० ओळी, म्हणजे सुमारे ४८.४ किलोहर्ट्झ. तेच चित्र सेकंदास ८५ वेळा काढावयाचे, तर एकूण ओळी ८०८ धरून ६८,६८० होतात. ज्या मॉनिटरची मर्यादा ५४ किलोहर्ट्झ आहे, त्याला पहिले पेलते, दुसरे पेलत नाही. ‘आउट ऑफ रेंज’चा अर्थ या एका गुणाकारात आहे. जुन्या काचेच्या मॉनिटरवर मर्यादेबाहेरचे आकडे देऊन पाहू नयेत. मॉनिटरला इजा होऊ शकते. तसेच असा मॉनिटर विद्यार्थ्यांनी कधीही उघडू नये. वीज काढल्यानंतरही त्याच्या नळीत हजारो व्होल्टचा भार राहू शकतो.

नोंद ठेवावी

लाइव्ह डिस्कवर लिहिलेली आज्ञा यंत्र बंद होताच पुसली जाते. भारनियमनात वीज गेली की पुन्हा पहिल्यापासून. म्हणून ज्या यंत्रावर जी आज्ञा लागू पडली, ती चिठ्ठीवर लिहून त्याच यंत्राच्या बाजूला चिकटवावी. संगणक कक्षात एक नोंदवही ठेवावी : यंत्र कोणते, मॉनिटर कोणता, काय दिसले, काय करून पाहिले, कशाने चालले.

विद्यार्थी मित्रांनो, ही नोंदवही तुम्ही लिहावी असे आम्हांस वाटते. एका वेळी एकच गोष्ट बदला, परिणाम पाहा आणि लिहून ठेवा. तुमच्या मागून वसतिगृहात येणाऱ्या पाचवीच्या मुलाला तुमच्या त्या दोन ओळींमुळे चालते यंत्र मिळेल.