सुट्या मालाचा हिशेब : फिलिपाइन्समधील तरुण दुकानदार

व्यापार हा रक्तातच असावा लागतो, ही समजूत आपल्याकडे जुनी आहे. वसतिगृहात राहून शिकलेल्या एखाद्या मुलाने नोकरीऐवजी दुकान काढण्याचा विचार बोलून दाखवला, की घरातील वडीलधारी मंडळी आजही प्रथम हाच आक्षेप घेतात. या आक्षेपात तथ्य किती, हे तपासण्यासाठी प्रस्तुत लेखात आम्ही फिलिपाइन्सचे उदाहरण निवडले आहे. त्या देशातही किरकोळ व्यापार दीर्घकाळ एका विशिष्ट समाजाच्या, म्हणजे चिनी वंशाच्या दुकानदारांच्या हाती होता, आणि ‘आपल्या माणसांना दुकान चालवता येत नाही’ असे तेथील सामान्य लोकही म्हणत असत.

हा प्रश्न त्यांनी आधी कायद्याने सोडवू पाहिला. १९५४ साली, राष्ट्राध्यक्ष रामोन मॅगसेसे यांच्या कारकिर्दीत, किरकोळ व्यापार फिलिपिनो नागरिकांपुरता राखून ठेवणारा कायदा झाला. (ज्यांच्या नावाचा पुरस्कार १९५८ साली विनोबा भावे यांना मिळाला, तेच हे मॅगसेसे.) अमेरिकनांना त्यातून सूट होती, रोख मुख्यतः चिनी दुकानदारांवर होता. परिणाम मात्र अपेक्षेप्रमाणे झाला नाही. अनेक चिनी व्यापारी घाऊक व्यापाराकडे आणि कारखानदारीकडे वळले, पुढे १९७५ मध्ये नागरिकत्व मिळवणे सोपे झाले, आणि २००० साली तो कायदाच मागे घेण्यात आला. परवाना कायद्याने देता येतो. कोणता माल किती दिवसांत खपेल, कोणाला किती उधार द्यावे, हे ज्ञान कायद्याने देता येत नाही. ते त्या देशातील तरुणांनी कोठे मिळवले, हा या लेखाचा विषय आहे.

त्याचे उत्तर गल्लीतील दुकानात सापडते. त्याला तेथे ‘सारी-सारी’ म्हणतात. टागालोग भाषेत या शब्दाचा अर्थ ‘नाना प्रकारचे’ असा होतो. घराच्याच पुढच्या खोलीला खिडकी पाडलेली, खिडकीला लोखंडी जाळी, आत दोऱ्यांवर लटकणाऱ्या पुड्यांच्या माळा. अशा दुकानांची संख्या दहा लाखांहून अधिक मानली जाते आणि त्यांतील बहुसंख्य दुकाने स्त्रिया चालवतात. भांडवल बहुधा घरातलेच असते; परदेशी राबणाऱ्या नवऱ्याने, बहिणीने वा मुलीने पाठवलेल्या पैशातून उभी राहिलेली दुकाने गावोगावी आढळतात.

या दुकानाचा प्राण म्हणजे ‘तिंगी’, अर्थात सुटी विक्री. शाम्पूची एक पुडी, एक सिगारेट, लसणाची एक गड्डी, पेलाभर व्हिनेगर. ज्याची मजुरी रोज संध्याकाळी हातात पडते, त्याला महिन्याची बाटली परवडत नाही; त्याला आजच्यापुरते हवे असते. सुटे घेतल्याने तोच माल मापामागे महाग पडतो आणि ही जादा किंमत नेमका गरीबच मोजतो, ही टीका योग्य आहे व ती दडवण्याचे कारण नाही. परंतु दुकानदाराच्या बाजूने पाहिले तर तिंगी ही एक शाळा आहे. पेलाभर व्हिनेगर विकणाऱ्या मुलीला शेजारच्या वीस घरांची कमाई, सवय आणि अडचण तोंडपाठ होते. नेहमीच्या गिऱ्हाइकाला तेथे ‘सुकी’ म्हणतात, आणि तेच नाव नेहमीच्या दुकानदारालाही आहे. दोघांसाठी एकच शब्द असावा, यात त्या नात्याचे सारे मर्म आले.

आता उधारीकडे वळू. तिला तेथे ‘उतांग’ म्हणतात आणि ती ज्या वहीत लिहिली जाते ती ‘लिस्ता’. ‘आज रोख, उद्या उधार’ ही आपल्याकडची पाटी तेथील दुकानांतही जवळजवळ याच शब्दांत लावलेली असते, आणि आपल्याप्रमाणेच तेथेही ती पाळली जात नाही. बहुतेक दुकाने येथेच बसतात. म्हणून हा हिशेब आम्ही थोडा सविस्तर मांडतो. आकडे केवळ उदाहरणादाखल आहेत.

समजा, दुकानात १००० पेसोंचा माल भरला आणि त्यावर शेकडा १० नफा सुटतो. हा माल पाच दिवसांत खपून पैसे हाती आले, तर तेच भांडवल महिन्यात सहा वेळा फिरेल आणि ६०० पेसो मिळतील. तोच माल महिनाभर फळीवर पडून राहिला तर मिळतील १००. माल भराभर खपला, पण सगळा पंधरा दिवसांच्या उधारीवर गेला, तर भांडवल दोनदाच फिरेल आणि नफा २०० वर येईल. म्हणजे नफ्याचे प्रमाण कोठेही न बदलता मिळकत एकदा ६००, एकदा २०० आणि एकदा १०० झाली.

यात कर्जाची भर घालू. तेथे ‘पाच-सहा’ नावाची सावकारी प्रसिद्ध आहे: पाच घ्यायचे आणि ठरलेल्या मुदतीत, बहुधा रोजच्या हप्त्याने, सहा परत करायचे. कागद नाही, तारण नाही. मोटारसायकलवरून दारोदार वसुली करणारे यांतील कित्येक सावकार भारतीय, मुख्यतः पंजाबी असतात. आणि भारतीय माणसाला तेथील बोलीत ‘बुम्बाय’ म्हणतात. आपल्या मुंबईच्या जुन्या नावावरूनच हा शब्द आला आहे. मुंबईचे नाव परमुलखात अशा रीतीने पोचावे, हे वाचून आम्हांस फारसा अभिमान वाटला नाही. असो. वरच्या उदाहरणातील १००० पेसो एका महिन्याच्या मुदतीने असे घेतले असतील, तर व्याज २०० होते. रोखीने विकणारीला ते फेडून ४०० उरतात. पंधरा दिवसांच्या उधारीवर विकणारी महिनाभर पहाटेपासून रात्रीपर्यंत बसून जे मिळवते ते सगळे सावकाराला जाते. ज्याचा माल फळीवर पडून राहिला त्याला तर पदरचे १०० घालावे लागतात. या सावकारीला पर्याय म्हणून तेथील सरकारने २०१७ पासून छोट्या दुकानदारांसाठी अल्प व्याजाची कर्जयोजना चालवली आहे. तथापि माल फिरला नाही तर स्वस्त कर्जही बुडवतेच.

टिकलेले दुकानदार उधारी पूर्ण बंद करीत नाहीत, कारण तसे केले तर सुकी तुटते. ते तिला कालमर्यादा घालतात. तेथे पगार बहुधा महिन्यातून दोनदा, १५ आणि ३० तारखेला होतो. शहाणा दुकानदार त्या संध्याकाळी दुकानातून हलत नाही, आणि त्याच्या आदल्या दिवशी माल भरून ठेवतो. वर्षाचीही अशीच एक भरती असते. १९७५ च्या हुकुमान्वये कामगारांना तेरावा पगार द्यावा लागतो व तो २४ डिसेंबरपूर्वी मिळतो. त्यामुळे नाताळची खरेदी हा वर्षाचा कळस ठरतो. तेथील दुकानांत नाताळची गाणी सप्टेंबरपासून वाजू लागतात, याचे परक्यांना हसू येते, पण त्यामागे हिशेब आहे.

याच शाळेतून काही मोठी नावे निघाली. हेन्री सी हे १९३६ साली, बारा वर्षांचे असताना, चीनमधील फुजियान प्रांतातून मनिलाला वडिलांच्या लहानशा दुकानात आले. महायुद्धात ते दुकान नष्ट झाले आणि वडील मायदेशी परतले. मुलगा मागे राहिला आणि जोडे विकू लागला. १९५८ मध्ये मनिलाच्या कियापो भागात त्याने ‘शूमार्ट’ हे दुकान उघडले. त्याचेच पुढे ‘एसएम’ झाले. देश कर्जसंकटात असताना, व्याजाचे दर चढलेले असताना, त्यांनी उत्तर एड्सा येथे प्रचंड व्यापारसंकुल उभारले आणि ते १९८५ साली सुरू झाले. टोनी तान काकत्योंग यांचे वडील चिनी मंदिरात स्वयंपाकी होते. रसायन अभियांत्रिकी शिकलेल्या या मुलाने १९७५ मध्ये, बावीसाव्या वर्षी, केसोन शहरातील कुबाओ येथे आइस्क्रीमचे दुकान घेतले. गिऱ्हाइके आइस्क्रीमपेक्षा गरम खाद्यपदार्थांसाठी अधिक येतात हे ध्यानात येताच त्यांनी दुकानाचे स्वरूपच बदलले. १९७८ मध्ये ‘जॉलिबी’चा जन्म झाला. बर्गर आणि स्पगेटी तेथील जिभेला रुचेल अशी गोडसर ठेवल्यामुळे नंतर आलेल्या बलाढ्य अमेरिकन कंपनीलाही त्यांना मागे सारता आले नाही.

येथे आक्षेप घेता येईल, की ही दोन्ही उदाहरणे व्यापाराच्या वातावरणात वाढलेल्या घरांतली आहेत. आक्षेप रास्त आहे. काउंटरमागे वाढलेल्या मुलाला जे फुकट मिळते, ते इतरांना शिकावे लागते. म्हणूनच आम्हांला पुढील दोन प्रयत्न अधिक मोलाचे वाटतात.

केसोन शहरातील पायातास ही कचऱ्याच्या डोंगराभोवतीची वस्ती. १० जुलै २००० रोजी तो डोंगर कोसळून शेकडो माणसे गाडली गेली. तेथील स्त्रिया चिंध्या विणून पायपुसणी करीत; परंतु चिंध्या पुरवणारे आणि पायपुसणी विकत घेणारे दोघेही मध्यस्थ असल्याने हाती अगदी थोडे उरे. २००७ साली रीस फर्नांडिस ही नुकतीच पदवीधर झालेली तरुणी आणि तिचे सहकारी यांनी ‘रॅग्ज टू रिचेस’ हा उद्योग सुरू केला. चिंध्या सरळ मिळवण्याची वाट काढली, आणि राहो लॉरेल या नामांकित वेशरचनाकाराने त्याच विणीतून पिशव्यांचे नमुने करून दिले. पायपुसण्याचे गिऱ्हाईक वेगळे, पिशवीचे वेगळे. हात तेच, चिंधी तीच.

त्याच २००७ मध्ये मार्क रुईस आणि बाम आकिनो या दोन तरुणांनी ‘हॅपिनॉय’ सुरू केले. सारी-सारी चालवणाऱ्या बायकांना एकत्र करून घाऊक माल मिळवून देणे, आणि दुकानाचा पैसा घरखर्चापासून वेगळा कसा ठेवावा, फळी कशी मांडावी, वही कशी लिहावी हे शिकवणे, हे त्याचे काम. सोबत होती ‘कार्ड’ ही सान पाब्लो येथील पतसंस्था. हैमे अरिस्टॉटल आलिप यांनी ती १९८६ मध्ये अवघ्या वीस पेसोंनिशी सुरू केल्याचे सांगितले जाते. डॉ. प्रकाश व डॉ. मंदाकिनी आमटे यांना ज्या २००८ साली मॅगसेसे पुरस्कार मिळाला, त्याच वर्षी तो ‘कार्ड’लाही मिळाला होता. आकिनो पुढे सिनेटर झाले आणि गावोगावी उद्योग-मार्गदर्शन केंद्रे उघडणारा २०१४ चा कायदा त्यांनी पुढाकार घेऊन करवून घेतला. १९५४ चा कायदा आणि हा कायदा शेजारी ठेवून वाचावेत: पहिल्याने दुसऱ्याचे दुकान बंद करू पाहिले, दुसऱ्याने नवख्याला हिशेब शिकवू पाहिला.

आजची पिढी खिडकीऐवजी मोबाइलसमोर बसते. जुन्या कपड्यांचा ‘उकाय-उकाय’ नावाचा व्यापार तेथे फार मोठा आहे. उकरून शोधणे असा त्या शब्दाचा अर्थ. वापरलेल्या कपड्यांच्या व्यापारी आयातीला १९६६ पासून बंदी आहे, तरी बागियो शहरापासून सगळीकडे ते उघड विकले जातात, हा एक गमतीचा विरोधाभास. या ढिगांतून निवडलेले कपडे कॉलेजातील मुली फेसबुकवर थेट दाखवतात, पाहणारी ‘माइन’ असे लिहिते आणि सौदा ठरतो. पैसे जीकॅशवरून येतात. पण ‘माइन’ लिहून पैसे न भरणाऱ्यांचीही त्यांच्याकडे एक यादी असते, आणि त्या नावांना पुढच्या वेळी माल दाखवण्याआधीच पैसे मागितले जातात.