चाळणी कोणती चांगली? स्पॅम फिल्टरची तुलना आपल्याच पीसीवर

कंपनीचं इंटरव्ह्यूचं पत्र मेलवर येतं आणि जाऊन बसतं स्पॅम फोल्डरमध्ये. तारीख उलटून गेल्यावर सापडून काय उपयोग? उलट लॉटरीचे दहा मेल इनबॉक्समध्ये आले तर फार तर दहा वेळा डिलीट दाबावं लागतं. म्हणजे फिल्टरच्या दोन चुका सारख्या किमतीच्या नाहीत. हे पक्कं लक्षात ठेवा, मगच सर्व्हरला हात लावा.

सर्व्हर : रूमवरचा जुना पीसी पुरेल. त्यावर लिनक्स आणि पोस्टफिक्स हा मेल सर्व्हर टाका. तो फक्त त्याच पीसीवरचे मेल स्वीकारेल असं सेटिंग करा. कुणाचेही मेल पुढे ढकलणारा सर्व्हर म्हणजे ‘ओपन रिले’. स्पॅमवाले असे सर्व्हर शोधतच असतात, आणि मग अख्ख्या कॉलेजचा आयपी ब्लॅकलिस्टमध्ये जाऊ शकतो! प्रत्येक फिल्टरसाठी वेगळा मेलबॉक्स ठेवा आणि प्रत्येक मेलची एकेक प्रत दोन्हीकडे पाठवा.

स्पर्धक : पहिला स्पॅमअसॅसिन (२००१). हा नियमांवर चालतो. प्रत्येक नियमाला गुण असतात. बेरीज ५ झाली की मेल स्पॅम. दुसरा बोगोफिल्टर (२००२). पॉल ग्रॅहम यांनी ऑगस्ट २००२ मध्ये मांडलेल्या कल्पनेवरून एरिक रेमंड यांनी तो लिहिला. कोणता शब्द स्पॅममध्ये किती वेळा येतो आणि चांगल्या मेलमध्ये किती वेळा, यावरून तो संभाव्यता काढतो. दोन्ही फुकट आहेत.

सामना सारखा व्हावा म्हणून :

१. मेल तेच हवेत. स्पॅमअसॅसिनच्या मंडळींनी खुला केलेला ६०४७ मेलचा संग्रह आहे. त्यात सुमारे ३१ टक्के स्पॅम. दिसायला स्पॅमसारखे पण खरे चांगले असे २५० मेलही त्यात वेगळे ठेवले आहेत. खरी परीक्षा तिथेच! मात्र स्पॅमअसॅसिनसाठी हे होम पिच आहे, हे विसरू नका.

२. मेल तारखेप्रमाणे लावा. आधीच्या अर्ध्यांवर शिकवणी, नंतरच्या अर्ध्यांवर परीक्षा. शिकवलेलाच प्रश्न पेपरात आला तर मार्क मिळणारच की! बोगोफिल्टरला शिकवल्याशिवाय काहीच कळत नाही. स्पॅमअसॅसिनचा शिकणारा भागसुद्धा २०० स्पॅम आणि २०० चांगले मेल पाहिल्याशिवाय मत देत नाही.

३. स्पॅमअसॅसिन लोकल मोडमध्ये चालवा. वीस वर्षांपूर्वीच्या मेलला आजची ब्लॅकलिस्ट लावण्यात अर्थ नाही.

४. हेडरमध्ये आधीच्या फिल्टरच्या खुणा असतील तर पुसून टाका. नाहीतर ती कॉपीच झाली.

निकाल : समजा परीक्षेला १००० मेल आहेत, ६०० स्पॅम आणि ४०० चांगले. ‘अ’ फिल्टरने ५८८ स्पॅम पकडले, पण ४ चांगले मेलही अडवले. ‘ब’ने ५५८ च पकडले, चांगला एकही अडवला नाही. एकूण अचूकता ‘अ’ची ९८.४ टक्के आणि ‘ब’ची ९५.८. मार्कांत ‘अ’ पहिला. पण त्या चारांत तुमचं इंटरव्ह्यूचं पत्र असेल तर? म्हणून दोन्ही आकडे वेगवेगळे लिहा, एकच टक्केवारी काढून मोकळे होऊ नका.

आणि ‘ब’ची शून्य चूक म्हणजे कायमची शून्य नव्हे. संख्याशास्त्रात तीनचा नियम आहे : न मेलमध्ये एकही चूक दिसली नाही, तर खरा दर ३/न पर्यंत असू शकतो (९५ टक्के विश्वासाने). इथे ३/४००, म्हणजे पाऊण टक्का. तेव्हा चांगले मेल जितके जास्त, तितका निकाल भरवशाचा.

शेवटी आजच्या मेलवर प्रयोग करायचाच झाला तर स्वतःचे मेल वापरा. रूममेटचे घ्यायचे तर आधी त्याला विचारा. आणि फिल्टर कोणताही जिंको, प्लेसमेंटच्या दिवसांत स्पॅम फोल्डर रोज एकदा उघडून बघाच!