भोवरा आणि पृथ्वी

नंदुरबार जिल्ह्यात, शहादा तालुक्यात, तापी नदीच्या काठी सारंगखेडा हे गाव वसले आहे. मार्गशीर्ष पौर्णिमेला, म्हणजे दत्तजयंतीला, तेथे एकमुखी दत्ताची मोठी यात्रा भरते. घोड्यांच्या बाजारासाठी ही यात्रा दूरवर प्रसिद्ध आहे. मोठी माणसे घोड्यांची चाल पाहण्यात दंग असतात. मुलांचे पाय मात्र कोणत्याही यात्रेत खेळण्यांच्या दुकानापाशीच घोटाळतात. अशा दुकानात मिळणाऱ्या खेळण्यांपैकी सर्वांत साधे खेळणे म्हणजे लाकडी भोवरा. पण ज्या नियमाने हा भोवरा फिरतो, त्याच नियमाने आपली पृथ्वीही फिरते. तो नियम कोणता, हे या पाठात आपण पाहू.

भोवरा न फिरवता त्याच्या लोखंडी आरेवर उभा करून पाहा. तो क्षणभरही उभा राहत नाही. आता त्याला दोरी गुंडाळून जमिनीवर फेका. तोच भोवरा त्याच आरेवर ताठ उभा राहतो. जणू झोप लागल्याप्रमाणे तो स्थिर दिसतो. भोवरा तोच, आर तीच, जमीनही तीच. मग फरक कशाने पडला? अर्थात त्याच्या फिरण्याने.

सरळ रेषेत जाणारी वस्तू कोणी अडवली नाही तर तशीच पुढे जात राहते, हे तुम्ही विज्ञानात शिकला असाल. फिरणाऱ्या वस्तूचेही असेच असते. बाहेरून कोणी पिळले किंवा अडवले नाही, तर तिच्या फिरण्याचे एकूण परिमाण कायम राहते आणि तिच्या आसाची दिशाही बदलत नाही. फिरण्याच्या या परिमाणाला शास्त्रज्ञ ‘कोनीय संवेग’ म्हणतात, आणि ते कायम राहते या नियमाला ‘कोनीय संवेगाच्या अक्षय्यतेचा नियम’ असे नाव आहे. नाव भारदस्त असले, तरी नियम हाताने अनुभवता येण्याजोगा आहे.

सायकलचे सुटे चाक घ्या. त्याच्या आसाची दोन्ही टोके दोन हातांत धरा आणि मित्राला चाक जोराने फिरवावयास सांगा. आता आस तिरपा करण्याचा प्रयत्न करा. मघाशी मुकाट्याने वळणारे चाक आता हट्ट धरते. तुम्ही एकीकडे वळवू जाता आणि ते दुसरीकडेच ओढ घेते. कोनीय संवेगाला दिशा असते आणि ती बदलण्यास जोर लावावा लागतो, हे त्या ओढीवरून कळते.

दुसरा प्रयोग शिक्षकांच्या देखरेखीखाली करावा. सहज फिरणाऱ्या खुर्चीवर एका विद्यार्थ्याला बसवावे. त्याच्या दोन्ही हातांत एकेक वीट द्यावी, हात पसरून धरावयास सांगावे आणि खुर्चीला हळूच गती द्यावी. मग त्याने विटा छातीशी घ्याव्यात. त्याबरोबर खुर्चीचा वेग एकदम वाढतो! हात पुन्हा पसरताच तो कमी होतो. येथे बाहेरून कोणीही धक्का दिलेला नाही. आसापासून दूर असलेले वजन जवळ आले, म्हणून कोनीय संवेग कायम राखण्यासाठी फिरण्याचा वेग वाढला. बर्फावर गिरक्या घेणारे खेळाडू हात अंगाशी घेऊन आपला वेग वाढवतात, तो याच युक्तीने.

येथे कोणी चौकस मुलगा विचारील, “संवेग अक्षय्य असेल, तर भोवरा अखेर थांबतो कसा?” प्रश्न योग्य आहे. भोवऱ्याची आर जमिनीशी घासते आणि त्याचे अंग हवेशी घासते. या घर्षणामुळे भोवऱ्याचा संवेग जमिनीला आणि हवेला मिळतो. तो नाहीसा होत नाही. फक्त हात बदलतो. पृथ्वी एवढी प्रचंड आहे, की भोवऱ्याकडून मिळालेला तो अंश तिच्या फिरण्यात मुळीच जाणवत नाही.

जेथे पाय टेकावयास जमीनच नाही, तेथे हा नियम अधिक स्पष्ट दिसतो. हेलिकॉप्टरच्या माथ्यावरील पंखा एका दिशेने फिरतो, तेव्हा खालचे धूड उलट दिशेने फिरू लागते. ते आवरण्यासाठी बहुतेक हेलिकॉप्टरांच्या शेपटीला एक लहान पंखा बसवलेला असतो. अवकाशात तर हवाही नाही. ५ नोव्हेंबर २०१३ रोजी श्रीहरिकोटा येथून निघालेले भारताचे मंगळयान २४ सप्टेंबर २०१४ रोजी मंगळाभोवतीच्या कक्षेत पोहोचले. त्या यानाला आपले तोंड वळवण्यासाठी आत चार चाके बसवली होती. विजेच्या साहाय्याने चाक एका दिशेने अधिक वेगाने फिरवले, की यान उलट दिशेने हळूहळू वळे. यान आणि चाक मिळून एकूण संवेग तेवढाच राही.

फिरणाऱ्या चाकाचा आस आपली दिशा सोडत नाही, या गुणाचा उपयोग करून लेआँ फूको या फ्रेंच शास्त्रज्ञाने १८५२ साली एक उपकरण तयार केले आणि त्याला ‘जायरोस्कोप’ हे नाव दिले. एकात एक बसवलेल्या कड्यांमध्ये एक जड चाक फिरत असते. कडी कशीही वळवली, तरी चाकाचा आस पूर्वीच्याच दिशेने रोखलेला राहतो. पुढे याच तत्त्वावरील उपकरणे जहाजांत दिशा दाखवण्यासाठी आणि विमानांत क्षितिज ओळखण्यासाठी वापरली जाऊ लागली. ढगांत शिरलेल्या वैमानिकाला विमान कलले आहे की सरळ आहे, हे डोळ्यांनी समजत नाही. तेथे अशा उपकरणावरच त्याचे व प्रवाशांचे प्राण अवलंबून असतात.

आता पुन्हा भोवऱ्याकडे वळू. भोवरा तिरपा झाला, की त्याचे वजन त्याला खाली ओढते. पण फिरणारा भोवरा सरळ खाली पडत नाही. ओढीशी काटकोन करून तो बाजूला सरकतो आणि त्याचा माथा हवेत सावकाश वर्तुळ काढतो. वेग मंदावत गेला, की हे डोलणे वाढते आणि शेवटी भोवरा कलंडतो.

पृथ्वी हाही असाच एक भोवरा आहे. तिचा आस सुमारे साडेतेवीस अंशांनी कललेला आहे. ती पूर्ण गोल नाही. विषुववृत्तावरील तिचा व्यास ध्रुवांमधील व्यासापेक्षा सुमारे ४३ किलोमीटरांनी अधिक आहे. सूर्य आणि चंद्र या फुगवट्याला ओढतात व आस सरळ करू पाहतात. फिरणारी पृथ्वी सरळ होत नाही. तिचा आसही भोवऱ्याप्रमाणे डोलतो. एक फेरा पुरा होण्यास सुमारे २६,००० वर्षे लागतात. म्हणून आजचा ध्रुवतारा कायमचा ध्रुवतारा नाही. सुमारे बारा हजार वर्षांनी तेजस्वी अभिजित तारा उत्तर ध्रुवाजवळ दिसेल.

या डोलण्याला आपल्याकडे ‘अयनचलन’ म्हणतात. आपल्या देशातील ज्योतिर्विदांना ते फार पूर्वी ठाऊक होते. १११४ साली जन्मलेल्या भास्कराचार्यांनी ‘सिद्धांतशिरोमणी’ या ग्रंथात त्याची चर्चा केली आहे. त्यांच्या ग्रंथांच्या अध्ययनासाठी त्यांचा नातू चांगदेव याने तेराव्या शतकाच्या आरंभी खानदेशातच, चाळीसगावजवळच्या पाटणे येथे, मठ स्थापल्याचे तेथील शिलालेखावरून समजते. अयनचलन का होते, याचे कारण मात्र न्यूटनने १६८७ साली प्रसिद्ध केलेल्या ग्रंथात सांगितले.

अयनचलनाचा पुरावा तुमच्या घरातील दिनदर्शिकेतही सापडेल. सूर्याचे उत्तरेकडे सरकणे डिसेंबरच्या २१ किंवा २२ तारखेपासून सुरू होते. पण मकरसंक्रांत आपण १४ किंवा १५ जानेवारीला साजरी करतो. संक्रांत ताऱ्यांवरून ठरते, तर ऋतू पृथ्वीच्या आसावरून ठरतात. आस डोलत असल्यामुळे दोहोंत सुमारे ७२ वर्षांत एका दिवसाचे अंतर पडते. सुमारे सतराशे वर्षांपूर्वी हे दोन्ही दिवस एकत्र येत असत. स्वामी विवेकानंदांचा जन्म १८६३ साली मकरसंक्रांतीच्या दिवशी झाला. त्या दिवशी १२ जानेवारी होती!

आणि पृथ्वीचा हा भोवरा तरी न मंदावता फिरतो काय? नाही. चंद्रामुळे समुद्राला भरती येते आणि त्या पाण्याच्या घर्षणाने पृथ्वीचा वेग अत्यंत सावकाश कमी होतो. शंभर वर्षांत दिवस सुमारे दोन सहस्रांश सेकंदाने लांबतो. पृथ्वीने गमावलेला संवेग चंद्राला मिळतो आणि तो दरवर्षी सुमारे ३.८ सेंटिमीटर आपल्यापासून दूर जातो. हिशेब येथेही चुकत नाही. अंगणातील भोवरा असो की आकाशातील चंद्र, निसर्गाच्या खातेवहीत एकाचा खर्च ही दुसऱ्याची जमा असते.

शब्दार्थ

आर – भोवऱ्याचा खिळा. आस – ज्या रेषेभोवती वस्तू फिरते ती रेषा. अक्षय्य – कधीही न संपणारे. परिमाण – माप. ज्योतिर्विद – ग्रहताऱ्यांच्या गतीचा अभ्यासक. धूड – अवजड शरीर.

स्वाध्याय

१. न फिरणारा भोवरा आरेवर उभा का राहत नाही? फिरणारा का राहतो?
२. खुर्चीवरील विद्यार्थ्याने विटा छातीशी घेताच वेग का वाढतो?
३. मंगळयानाचे तोंड कसे वळवले जाई, ते तुमच्या शब्दांत लिहा.
४. कारणे द्या : (अ) हेलिकॉप्टरच्या शेपटीला लहान पंखा असतो. (आ) ध्रुवतारा कायमचा नाही.
५. घरातील वडीलधाऱ्यांना विचारून, फिरणाऱ्या जड चाकाचा उपयोग होणाऱ्या तीन वस्तूंची नावे लिहा.