‘मेल्ट’ आणि ‘स्मेल्ट’ : भिलाईच्या निमित्ताने एक अर्थविचार

इंग्रजीतील ‘मेल्ट’ व ‘स्मेल्ट’ ही क्रियापदे एकाच जर्मानिक कुळातील होत. पहिले प्राचीन इंग्रजीपासून चालत आले. दुसरे पुढे डच वा निम्न-जर्मन भाषेतून आले. मराठी अनुवादात दोहोंसाठी ‘वितळवणे’ योजले जाण्याचा संभव असतो. ते कितपत युक्त आहे, हे पाहणे अगत्याचे आहे.

‘मेल्ट’ अकर्मक आहे तसेच सकर्मकही. त्यात पदार्थाची अवस्था पालटते, पदार्थ तोच राहतो. बर्फ वितळतो, पेढा तोंडात विरघळतो, सोनार दागिना आटवतो, मन द्रवते : या चारही ठिकाणी इंग्रजीचे काम ‘मेल्ट’वर भागते. ‘स्मेल्ट’ मात्र सकर्मक असून त्याचे कर्म म्हणजे धातुक किंवा त्यातून काढावयाचा धातू. येथे पदार्थच पालटतो. लोहाच्या ऑक्साइडातील ऑक्सिजन कार्बनच्या योगाने निघून जातो आणि लोखंड उरते.

भिलाईत या दोन क्रिया एकत्र नांदतात. ४ फेब्रुवारी १९५९ रोजी राष्ट्रपती राजेंद्रप्रसाद यांच्या हस्ते तेथील पहिल्या झोतभट्टीचे उद्घाटन झाले. दल्ली-राजहराच्या खाणींतील धातुकाचे तेथे लोखंड होते व ते रसरूपानेच बाहेर पडते. त्यामुळे ‘स्मेल्ट’ म्हणजे ‘मेल्ट’च, असा समज होणे स्वाभाविक आहे.

परंतु याच प्रदेशाचा जुना अनुभव निराळा आहे. मैकल डोंगरांच्या परिसरातील अगारिया जमातीवर व्हेरिअर एल्विन यांनी १९४२ मध्ये स्वतंत्र ग्रंथ प्रसिद्ध केला. अगारियांच्या मातीच्या भट्टीत कोळसा व पायभाता यांच्या साहाय्याने लोखंड काढीत. शुद्ध लोखंड १५३८ अंश सेल्सिअसला वितळते. त्या भट्टीची उष्णता तेथवर पोहोचत नसे. मळी पातळ होऊन वाहून जाई आणि लोखंडाचा सच्छिद्र, घन गोळा मागे राही. तो घणाने ठोकून घट्ट करीत. म्हणजे येथे ‘स्मेल्ट’ आहे, पण लोखंडाचे ‘मेल्ट’ होणे नाही.

अशा स्थळी ‘अगारिया लोखंड वितळवीत’ हे भाषांतर वस्तुस्थितीशी विसंगत ठरते. मराठीत त्यासाठी ‘गाळणे’ हे क्रियापद सिद्धच आहे. ते ‘गळणे’चे प्रयोजक रूप असून, नको ते सारातून वेगळे करणे हा त्याचा गाभा आहे. पारिभाषिक ‘प्रगलन’ही त्याच धातूचे. शब्द चुकला, तर अगारियांच्या पदरी त्यांनी न केलेली क्रिया पडते आणि त्यांचे खरे कौशल्य झाकले जाते.