मेंदूचा पक्षाघात : हालचाल मुलानेच करायला हवी

सेरेब्रल पाल्सी म्हणजे मेंदूचा पक्षाघात असलेल्या मुलांचे पालक मला हमखास विचारतात, "मालीश किती दिवस करायची?" मालिशीने मूल सुखावते, पण त्याने ते बसायला शिकत नाही.

या विकारात मूळ दोष हातापायांत नसतो. वाढत्या मेंदूला इजा झाल्याने स्नायूंवरचा ताबा बिघडतो. ही इजा भरून येत नाही. मात्र लहान वयात मेंदू नवे शिकू शकतो. उपचारांचा पाया हाच.

१९४० च्या दशकात लंडनमध्ये बर्टा व कारेल बोबाथ या दांपत्याने 'न्यूरो-डेव्हलपमेंटल' उपचारपद्धती सुरू केली. त्यात थेरपिस्ट आपल्या हातांनी मुलाची बसण्या-उठण्याची ढब सुधारीत असे. २०१३ व २०२० साली प्रसिद्ध झालेल्या संशोधनाच्या आढाव्यांत मात्र असे दिसले, की दुसऱ्याने करून दिलेल्या हालचालींपेक्षा मुलाने स्वतः, रोजच्या कामांत, पुनःपुन्हा केलेला सराव अधिक उपयोगी पडतो.

म्हणून मी घरचा अभ्यास देतो. खाऊची वाटी समोर ठेवा, हात मुलालाच पुढे नेऊ द्या. सदरा घालताना बाही त्यालाच शोधू द्या. वेळ लागेल, घाई करू नका.

चार महिन्यांनंतरही मुठी घट्ट मिटलेल्या असणे, नऊ महिन्यांचे होऊनही आधाराशिवाय न बसणे, वर्षाच्या आत एकच हात वापरणे, ही धोक्याची लक्षणे आहेत. 'आमच्याकडे मुले उशिराच चालतात' म्हणून थांबू नका. बऱ्याच जिल्हा रुग्णालयांत शीघ्र हस्तक्षेप केंद्र आहे. तेथे मुलाला लगेच दाखवा. पहिली दोन वर्षे फार मोलाची असतात.