स्टार आधी, सनरूफ मागून

अगं, या दसऱ्याला तुमच्या दारात चारचाकी येणार, हे जावईबापूंकडून कळलं आणि फार बरं वाटलं. राणीसावरगावातून गंगाखेडला नाहीतर परभणीला दवाखान्यात जायचं म्हटलं की एसटीची वाट बघा, नाहीतर कुणाच्या जीपला हात करा. तुझ्या सासूबाईंचे गुडघे बघता ही गाडी आता गरजेचीच आहे. गाड्यांचं माझं वेड तुला लहानपणापासून ठाऊक आहे, म्हणून शोरूमची पायरी चढण्याआधी चार गोष्टी मनापासून सांगते.

मुलांना सनरूफ हवंय म्हणालीस. हवं असू दे, पण तो प्रश्न शेवटी विचार. पहिला प्रश्न हा, की या गाडीला भारत एनकॅपचे किती स्टार आहेत? ऑक्टोबर २०२३ पासून आपल्याकडे ही टक्कर-चाचणी सुरू झाली. ताशी ६४ किलोमीटर वेगानं गाडी समोरून आदळवतात, बाजूनं धडक देतात आणि आत बसवलेल्या मोठ्यांच्या आणि मुलांच्या पुतळ्यांना किती मार बसला ते मोजतात. मोठ्यांच्या सुरक्षेला ३२ पैकी गुण, मुलांच्या सुरक्षेला ४९ पैकी. दोन्हींचे स्टार वेगवेगळे असतात, तेव्हा मुलांचे किती हे मुद्दाम विचार. चाचणी कंपनीवर सक्तीची नाही. सेल्समन विषय बदलायला लागला तर त्या गाडीची चाचणी झालीच आहे का, हेही स्पष्ट विचारून घे.

एवढा आग्रह का, ते सांगते. २०१४ मध्ये ग्लोबल एनकॅप या बाहेरच्या संस्थेनं आपल्याकडच्या पाच खपाऊ छोट्या गाड्या आदळवून पाहिल्या आणि पाचही गाड्यांना शून्य स्टार मिळाले. त्यात आपल्या चाकणला बनणारी पोलोही होती. तीच पोलो दोन एअरबॅग लावून पुन्हा आदळवली, तर चार स्टार मिळाले! सांगाडा मजबूतच होता; ज्या गिऱ्हाइकानं एअरबॅगचे पैसे मोजले नाहीत, त्याला मात्र तो वाचवू शकत नव्हता. त्यानंतर कंपनीनं बिनाएअरबॅगची पोलो विकणंच बंद केलं. पुढे डिसेंबर २०१८ मध्ये रांजणगावच्या कारखान्यातल्या नेक्सॉननं पाच स्टार मिळवले. भारतीय बनावटीच्या गाडीला पाच स्टार मिळण्याची ती पहिलीच वेळ, आणि ती गाडी पुणे जिल्ह्यातली, याचा मला आजही अभिमान वाटतो. मग लोक शोरूममध्ये स्टार विचारायला लागले. मायलेजसाठी नावाजलेल्या मारुतीची नवी डिझायरसुद्धा २०२४ मध्ये पाच स्टार घेऊन आली.

माझं म्हणणं एवढंच आहे बाई, की गिऱ्हाईक जे मागतं तेच कंपन्या बनवतात. आपण मोठा स्क्रीन मागितला, त्यांनी स्क्रीन दिला. आपण उंच, रुबाबदार एसयूव्ही मागितली, तर साध्या हॅचबॅकलाही काळं प्लास्टिक लावून, छतावर रेल चढवून ती एसयूव्ही म्हणून विकली जातेय. मला सगळ्यात जास्त राग येतो तो मॉडेलच्या उतरंडीचा. काही गाड्यांत घसरताना गाडी सावरणारं ईएससी किंवा मागचा कॅमेरा अजूनही फक्त वरच्या मॉडेलला मिळतो. जीव काय फक्त टॉप मॉडेलवाल्यांनाच असतो? सहा एअरबॅग सक्तीच्या करायचा विचार सरकारनं केला होता, तो मागे पडला. तरीही आज कित्येक छोट्या गाड्यांत खालच्या मॉडेललासुद्धा सहा एअरबॅग मिळतात. त्यात २२ सप्टेंबर २०२५ पासून छोट्या गाड्यांवरचा जीएसटी १८ टक्क्यांवर आला. तो वाचलेला पैसा सुरक्षेत घाला, काचेच्या छतात नको.

आणि सनरूफ घेतलंच, तर मुलांना त्यातून वर उभं राहू द्यायचं नाही. वरातीत नाही, आणि रेणुकामातेच्या दर्शनाला जातानाही नाही. तसंच पुढच्या सीटवर मांडीवर लेकरू घेऊन कधीही बसू नकोस. एअरबॅग पापणी लवायच्या आत फुटते. तिच्या आणि तुझ्या मध्ये लेकरू असेल तर सगळा दणका त्याला बसतो. मागच्या सीटच्या बेचक्यात आयसोफिक्सच्या कड्या आहेत का, ते हात घालून बघ आणि धाकट्यासाठी चाइल्ड सीट गाडीबरोबरच घे. मागे बसणाऱ्यांनीही बेल्ट लावायचा, सासूबाईंनीसुद्धा. सप्टेंबर २०२२ मध्ये पालघर जिल्ह्यात उद्योगपती सायरस मिस्त्री अपघातात गेले, ते एका भारी, महागड्या गाडीत मागच्या सीटवर होते आणि त्यांनी बेल्ट लावलेला नव्हता.

आता इंधनाचं. जावईबापूंचा ओढा डिझेलकडे आहे, पण रोज गावातल्या गावात आणि शेतापर्यंतच फिरणार असाल तर डिझेल नको. नव्या बीएस-६ डिझेल गाडीत धुराची काजळी अडवणारा डीपीएफ असतो. ती काजळी जळायला गाडी अधूनमधून एका वेगात लांब पळावी लागते. तेवढी पळाली नाही तर फिल्टर तुंबतो आणि दुरुस्ती महागात पडते. महिन्याला पुण्याच्या दोन-तीन फेऱ्या असतील तर डिझेल खुशाल घ्या.

पेट्रोल घेतलंत, तर पंपावर आता वीस टक्के इथेनॉल मिसळलेलंच मिळतं. आपल्या भागातला ऊस असा गाडीच्या टाकीत जातो, याचा शेतकऱ्याची लेक म्हणून मला आनंद आहे. पण इथेनॉलमध्ये पेट्रोलच्या दोनतृतीयांशच ऊर्जा असते, म्हणून मायलेज थोडं कमी मिळणार हे धरूनच चाला. नवी गाडी ई-२० साठी बनवलेलीच असते; कुणाची जुनी घेणार असाल तर मात्र टाकीच्या झाकणावर काय लिहिलंय ते वाचा. इलेक्ट्रिक मला स्वतःला फार आवडते, आणि रोजच्या गंगाखेडच्या फेरीला ती पुरून उरेल. पण आधी अंगणात पक्कं अर्थिंग करून घ्या आणि रात्री वीज किती तास टिकते ते बघा.

मुहूर्ताचा आग्रह मी समजू शकते. चाकाखाली लिंबू ठेवा, नारळ फोडा, देवीच्या पायावर किल्ली ठेवा. पण दसऱ्याच्या दिवशी शोरूममध्ये जत्रा असते, घाईत कुणी काही नीट दाखवत नाही. म्हणून दोन दिवस आधी, लख्ख उजेडात गाडी बघून या. टायरच्या कडेला लंबगोलात चार आकडे असतात. २३२५ असेल तर तो टायर २०२५ सालच्या तेविसाव्या आठवड्यातला. पाचही टायर बघायचे, स्टेपनीसकट. चासी नंबर लिहून घ्या आणि गाडी कोणत्या महिन्यात बनली ते विचारा. बिलावर ‘हँडलिंग चार्जेस’ दिसले तर ते कशाचे, ते लेखी मागा. बहुतेक वेळा तेवढ्यानंच ते निघतात. विमा शोरूममधूनच घ्यायची सक्ती नसते. दोन ठिकाणचे दर काढा आणि झिरो डेप, म्हणजे घसारा न कापणारा विमा, नक्की घ्या. त्यावाचून बंपरसारख्या प्लास्टिकच्या भागाची निम्मी किंमत आपल्याच अंगावर येते.

आणि शेवटची गोष्ट फक्त तुझ्यासाठी. टेस्ट ड्राइव्हला मागे बसून परत येऊ नकोस. स्टिअरिंगवर बस, सीट वर-खाली करून बघ, बॉनेटची कड दिसते का, क्लचवर पाय पूर्ण पोचतो का ते बघ. रात्री-अपरात्री सासूबाईंना दवाखान्यात न्यायची वेळ आली आणि जावईबापू बाहेरगावी असले, तर दारात गाडी असून तू कुणाची वाट बघत बसायची? शिकाऊ परवान्यानंतर तीस दिवसांनी पक्क्या परवान्याची परीक्षा देता येते, म्हणजे आत्ता अर्ज केलास तर दसऱ्याला गाडी तूच घरी आणशील. तेव्हा बुकिंगचा फॉर्म भरायच्या आधी परवान्याचा भर.